गिटारची पेडले आणि सिंथेसायझरचा सूर

डिसेंबर-जानेवारीत शाळांतून स्नेहसंमेलनांची धामधूम सुरू होते. परभणी शहर असो, की सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरीसारखी तालुक्याची गावे असोत. रंगमंचाच्या कडेला आता पेटी-तबल्याच्या जोडीला की-बोर्ड असतो, एखादी इलेक्ट्रिक गिटारही असते. गिटारवादकाच्या पायाशी लहानशी पत्र्याची डबी दिसते. तिच्यावरचा खटका त्याने पायाने दाबला की तोच सूर कधी फाटल्यासारखा, कधी डोहात घुमल्यासारखा, तर कधी गरगर फिरल्यासारखा ऐकू येतो. हेच ते ‘इफेक्ट पेडल’. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, ही डबी की-बोर्डला लावली तर चालेल का?”

चालेल, पण गिटारला जशी लावतो तशीच लावून मात्र नेहमी चांगला परिणाम मिळत नाही. कुठे सूर चिरकतो, कुठे घरघर ऐकू येते, कुठे पेडल लावले की नाही हेच कळत नाही. यामागची कारणे ओहमचा नियम, तरंगांची बेरीज आणि (क + ख) चा वर्ग एवढ्या शालेय सामग्रीतून उलगडतात. आपण ती क्रमाने पाहू.

दोन वाद्ये, दोन प्रकृती

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे घेतलेले असतात. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते. हे फॅराडेचे प्रवर्तनच. मिळणारे विभवांतर फार थोडे असते. हलक्या वादनात काही दहा मिलिव्होल्ट, जोरात छेडल्यास क्षणभर अर्धा-एक व्होल्ट. शिवाय सूर छेडताक्षणी मोठा असतो आणि लगेच ओसरू लागतो. पेडले बनवणाऱ्यांनी असा अशक्त आणि लवकर विझणारा सूर गृहीत धरला आहे.

अ‍ॅनलॉग सिंथेसायझरची प्रकृती उलट आहे. त्यात तार नाही, पडदा नाही. आंदोलक मंडल सतत विद्युत तरंग निर्माण करते. करवतीच्या दात्यांसारख्या तरंगात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सर्व उपस्वर असतात; चौकोनी तरंगात फक्त विषम पटीचे. पुढे ‘फिल्टर’ म्हणजे गाळणी नको ते उपस्वर अडवते आणि शेवटी प्रवर्धक सुराचा चढउतार ठरवतो. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये या भागांचे नियंत्रण विभवांतराने करण्याची पद्धत रूढ केली. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. त्यांचे सुटसुटीत ‘मिनिमूग’ १९७० मध्ये बाजारात आले. भारतात मात्र मूगचे यंत्र त्याआधीच पोचले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते बसवले.

आपल्या शाळांमधले की-बोर्ड बहुधा डिजिटल असतात. त्यांच्यात मुद्रित नमुने आकड्यांच्या रूपात साठवलेले असतात. पण बाहेर पडणारा संकेत विद्युत तरंगच असल्यामुळे पुढचे बहुतेक विवेचन त्यांनाही लागू पडते.

मुंबईतली एक तबकडी

मराठी मुलखातले अ‍ॅनलॉग सिंथेसायझरचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. चरणजीत सिंग हे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातले गिटारवादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडून दहा रागांची तबकडी मुद्रित केली. ‘ज्युपिटर-८’ हा एकाच वेळी आठ स्वर वाजवू शकणारा सिंथेसायझर, ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणि ‘टीबी-३०३’ हे खर्जाचे छोटे यंत्र. भूपाली, यमन, मालकंस असे राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्या वेळी तबकडीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले. कारण शिकागो शहरात १९८७ च्या सुमारास ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाने जे नृत्यसंगीत पुढे आले त्याच्याशी तिचे विलक्षण साम्य होते. चरणजीत सिंग २०१५ मध्ये निवर्तले.

यातले ‘टीबी-३०३’ आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून १९८१ मध्ये ते तयार झाले. त्या कामात ते फारसे पटले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे वादकांनी त्याची गाळणी हाताने फिरवत त्याचा सूर गिटारच्या ‘डिस्टॉर्शन’ पेडलमधून काढला, आणि त्या यंत्राला जणू नवा कंठ फुटला. असे का व्हावे, हे पुढे येईल. त्याआधी जोडणी.

जोर किती असावा?

पेडल साधारणपणे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. त्यामुळे त्यातला तरंग शिखरापासून दरीपर्यंत ९ व्होल्टपेक्षा मोठा होऊच शकत नाही; प्रत्यक्षात मर्यादा आणखी खाली असते. घरगुती ध्वनियंत्रांचा संकेत सुमारे ०.३ व्होल्ट आणि स्टुडिओतल्या यंत्रांचा सुमारे १.२ व्होल्ट मानला जातो. सुटे भाग जोडून केलेल्या, म्हणजे ‘मॉड्युलर’ सिंथेसायझरमध्ये तर तरंग शिखरापासून दरीपर्यंत १० व्होल्टचा असतो. पायलीभर धान्य शेराच्या मापात ओतले तर जे होईल तेच इथे होते. वरचा भाग सांडतो, तरंगाचे माथे छाटले जातात आणि पेडलने काही करण्याआधीच सूर चिरकतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. सिंथेसायझरचा आवाज कमी करावा, पेडल चालू-बंद करून पाहावे, आणि दोन्ही वेळी आवाज सारखा वाटेपर्यंत हळूहळू वाढवावा. फार कमी करू नये, नाहीतर पेडलचा स्वतःचा सुसू आवाज सुरावर चढतो.

तेवढ्याने भागत नसेल तर दोन रोधांचा विभवविभाजक करावा. संकेताच्या वाटेत १ लाख ओहमचा रोध आणि तिथून भूतारेकडे १० हजार ओहमचा रोध. पेडलकडे जाणारा हिस्सा १० भागिले ११०, म्हणजे एक अकरांश. १० व्होल्टचा तरंग ०.९ व्होल्टचा झाला. गिटार जोरात छेडल्यासारखाच. या विभाजकाचा स्वतःचा रोध दोन्ही रोध समांतर धरून सुमारे ९,१०० ओहम येतो. पेडलचा आत येण्याच्या टोकाचा रोध बहुधा ५ ते १० लाख ओहम असल्याने जोडणीत होणारे नुकसान दोन टक्क्यांपेक्षा कमी राहते.

विभाजक केबलच्या कोणत्या टोकाला बसवावा? हा विद्यार्थ्यांना देण्याजोगा चांगला प्रश्न आहे. केबलची आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक धारित्र होते. मीटरमागे त्याची धारिता साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे १० मीटरला १,०००. विभाजक सिंथेसायझरजवळ ठेवला तर ९,१०० ओहम आणि ही धारिता मिळून सुमारे १७,५०० हर्ट्‌झच्या वरचे उपस्वर कमी करू लागतात. एवढे चालून जाते. केबल आणखी लांब झाली तर मात्र सूर मंद होत जातो. म्हणून विभाजक पेडलच्या टोकाला असावा. सिंथेसायझरचा बाहेर पडण्याचा रोध एक हजार ओहमच्या आसपास असतो आणि तेवढ्याला लांब केबल सहज झेपते. गिटारचा रोध मोठा असल्याने तिला लांब केबल बाधते. इथे सिंथेसायझर वरचढ ठरतो.

आणखी एक सूचना. छोट्या यंत्रांना कधी फक्त हेडफोनचे स्टिरिओ छिद्र असते. त्यात गिटारची दोन भागांची पिन घातली तर एका बाजूचा संकेत थेट भूतारेला जोडला जातो. तीन भागांची पिन वापरावी आणि तिची एकच बाजू पेडलकडे न्यावी.

सूर फाटतो म्हणजे काय?

‘डिस्टॉर्शन’ पेडलमध्ये बहुधा उलटसुलट जोडलेले दोन डायोड असतात. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला वाहू लागतो, त्यामुळे तरंगाचा त्यावरचा भाग छाटला जातो. गोलसर तरंग चौकोनी होऊ लागतो, म्हणजेच त्यात नवे उपस्वर येतात. आपल्याला ही कल्पना परकी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला ओझरती घासत राहते आणि साधा सूर उपस्वरांनी झगमगतो. कार्यपद्धती वेगळी, पण साध्या सुरातून उपस्वर काढण्याचा हेतू तोच.

गिटारवादकाला या पेडलचा आणखी एक लाभ होतो. विझणारा सूर लांबतो. समजा डायोडांपर्यंत पोचणारा तरंग ५ व्होल्टपासून ओसरत अर्ध्या व्होल्टवर आला, म्हणजे दसपट घटला. बाहेर मात्र तो ०.६ पासून ०.५ पर्यंतच उतरलेला दिसतो. सिंथेसायझरचा सूर मुळातच हवा तेवढा लांबतो, त्यामुळे हा लाभ त्याला नको असतो. उलट त्याचा मुद्दाम घडवलेला चढउतार सपाट होतो. पण चढउतार सपाट झाला की कानाला ध्वनीचा पोत बदललेला जास्त स्पष्ट जाणवतो. गाळणी उघडली-मिटली की डायोडांकडे जाणारे उपस्वर बदलतात आणि तेवढाच बदल ठळकपणे ऐकू येतो. ‘टीबी-३०३’ ला नवा कंठ मिळाला तो असा.

आता एकाच वेळी दोन स्वर वाजवले तर? वाकड्या मंडलाचे सर्वांत साधे गणिती रूप म्हणजे वर्ग करणे. क आणि ख हे दोन स्वर मानू. त्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे क चा वर्ग, ख चा वर्ग आणि २कख. शेवटचे पद महत्त्वाचे. दोन कोज्यांचा गुणाकार केला की वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी मिळते, हे अकरावीत येते. म्हणजे कुणीही न वाजवलेले दोन नवे स्वर जन्माला येतात.

सा २०० हर्ट्‌झ आणि पंचम ३०० हर्ट्‌झ घेऊ. वजाबाकी १००, बेरीज ५००, दुप्पट ४०० आणि ६००. सगळे १०० च्या पटीत, म्हणून सूर भरदार वाटतो. आता २४० आणि त्यावरचा कोमल रिषभ २५६ घेऊ. ४८०, ४९६, ५१२ असे स्वर एकमेकांना खेटून येतात आणि सेकंदाला १६ विस्पंदांची खरखर ऐकू येते.

सा, ग, प एकत्र वाजवले तर गंमत वाढते. शुद्ध गंधार २५० हर्ट्‌झचा धरला तर शेजारच्या स्वरांमधील फरक ५० आणि ५०. की-बोर्डचा किंवा पेटीचा समान अंतरांचा गंधार मात्र २५२.० आणि पंचम २९९.७ येतो. फरक ५२.० आणि ४७.७. हे दोन नवे खर्जस्वर आपसात सेकंदाला चारहून अधिक विस्पंद करतात. तंबोऱ्याचा गंधार आणि पेटीचा गंधार वेगळे, असे गवई सांगत आले आहेत. एरवी सूक्ष्म वाटणारा तो भेद पेडलमधून ढोबळपणे ऐकू येतो. म्हणून फाटलेल्या सुरात एक स्वर किंवा फार तर सा-प वाजवावेत. भरगच्च स्वरमेळ साध्या सुरातच ठेवावेत.

आधी कोणते, नंतर कोणते?

दोन पेडले असतील तर क्रमाचा प्रश्न येतो. प्रतिध्वनीचे पेडल जुन्या सुरात नवा सूर मिळवते, म्हणजे बेरीज करते. फाडणारे पेडल वर्ग करते. आधी बेरीज आणि मग वर्ग केला तर २कख हे पद येते. जुना सूर आणि नवा सूर यांचा गुंता होतो. आधी वर्ग करून मग बेरीज केली तर ते पद येतच नाही. म्हणून सिंथेसायझर, मग डिस्टॉर्शन, मग कोरस किंवा फेझर, शेवटी प्रतिध्वनी, असा क्रम सहसा ठेवतात. गुंताच हवा असेल तर क्रम उलटा करावा. मात्र काय उलटे केले हे ठाऊक असावे.

घमेल्यांची रांग

जुन्या धाटणीच्या प्रतिध्वनी पेडलमधला भाग मोठा कल्पक आहे. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सांगस्टर आणि टीर यांनी तो शोधला. घराचा स्लॅब पडताना माणसे रांगेने उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात. पुढच्याचे हात रिकामे असल्याशिवाय घमेले देता येत नाही, म्हणून कोणत्याही क्षणी निम्मे हात भरलेले आणि निम्मे रिकामे असतात. या चकतीत माणसांच्या जागी धारित्रे आणि घमेल्याच्या जागी विद्युतभार असतो. घड्याळमंडलाच्या ठोक्यावर भार पुढे सरकतो. दर ठोक्याला दोन पावले पडतात, म्हणून १,०२४ धारित्रांना ५१२ ठोके पुरतात. सेकंदाला ५१,२०० ठोके असतील तर उशीर १० मिलिसेकंद. १०,२४० ठोके असतील तर ५० मिलिसेकंद.

उशीर वाढवायचा तर ठोके मंद करावे लागतात. पण सेकंदाला १०,२४० वेळाच नमुना घेतला तर ५,१२० हर्ट्‌झच्या वरचा सूर नीट पार होत नाही. गिटारच्या आवाजात तेवढ्या उंचीवर फारसे काही नसते, म्हणून तिला उणीव जाणवत नाही. सिंथेसायझरचा करवती तरंग मात्र त्याही वर भरपूर पसरलेला असतो. म्हणून त्याचा प्रतिध्वनी मूळ सुरापेक्षा मातट लागतो. पेडल बिघडलेले नसते. ते गिटारच्या मापाने बेतलेले असते.

काही मिलिसेकंदांचा उशीर सतत थोडा मागेपुढे केला की ‘कोरस’ होतो. पेटीत एकाच स्वराच्या दोन पट्ट्या किंचित वेगळ्या लावल्या, एक ४४० आणि दुसरी ४४२ हर्ट्‌झची, तर सेकंदाला दोन विस्पंद होऊन सूर भरून येतो. तसाच हा परिणाम. एकाच आंदोलकाच्या सिंथेसायझरला तो फार उपयोगी पडतो. ‘फेझर’ मात्र काही उपस्वर पुसत जातो आणि पुसण्याची जागा फिरवत राहतो. फ्रेंच संगीतकार ज्याँ मिशेल जार यांनी १९७६ च्या ‘ऑक्सिजेन’ या तबकडीत ऑर्गनचे तंतुवाद्यांसारखे सूर गिटारच्या फेझर पेडलमधून काढले. ती वाहती लाट आजही ओळखू येते. पण पुसायला उपस्वर हवेत. सिंथेसायझरची गाळणी मिटलेली असेल तर फेझरला कामच उरत नाही.

घरघर आणि भूतार

आता सर्वांत गंभीर गोष्ट. सिंथेसायझर आणि ध्वनिवर्धक दोन वेगळ्या बोर्डांवरून चालवले की दोन भूतारा आणि केबलची जाळी मिळून एक मोठे वेटोळे तयार होते आणि ५० हर्ट्‌झची घरघर ऐकू येते. ती घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची मोठी पिन काढून टाकणारे लोक असतात. घरघर खरोखरच थांबते, आणि हाच धोका आहे. पुढे कधी आतली तार सुटून पत्र्याला लागली तर २३० व्होल्ट केबलमार्गे पेडलच्या पत्र्यावर, गिटारच्या तारांवर येतात. एका हातात तारा आणि ओठांशी मायक्रोफोन असलेल्या मुलाच्या छातीतून तो प्रवाह जाऊ शकतो. मंडपात ओली जमीन आणि जनरेटरची तात्पुरती जोडणी असेल तर धोका आणखी वाढतो.

अर्थिंगची पिन कधीही काढू नये. सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चालवावीत. तरीही घरघर राहिली तर संकेताच्या वाटेत एकास एक वेढ्यांचा लहान ध्वनि-ट्रान्सफॉर्मर घालावा. वेटोळे तुटते आणि संरक्षण कायम राहते. मंडपाच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-खटका आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. पेडलच्या अडॅप्टरवरील धन-ऋण खूणही पाहावी. बहुतेक पेडलांत मधले टोक ऋण असते, पण सर्वच नव्हे.

वर्गात करून पाहा

सिंथेसायझर नसला तरी हा प्रयोग होतो. दोन मोबाइल फोनवर स्वर निर्माण करणारे अ‍ॅप घ्या. एकावर १,००० आणि दुसऱ्यावर १,२०० हर्ट्‌झचा साधा स्वर लावा. दोन्ही फोन चार्जिंगला लावलेले नसावेत. प्रत्येकाच्या हेडफोन-छिद्रातून एका बाजूचा संकेत १० हजार ओहमच्या रोधातून आणून दोन्ही एका बिंदूवर जोडा. दोन्ही भूतारा एकत्र करा. तो बिंदू बॅटरीवर चालणाऱ्या लहान ध्वनिवर्धकाला द्या. दोन स्वर स्वच्छ ऐकू येतील.

आता तो बिंदू आणि भूतार यांमध्ये एक जर्मेनियम डायोड जोडा. हा सिलिकॉनपेक्षा कमी, सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्टला वाहू लागतो, त्यामुळे फोनचा संकेत त्याला पुरतो. डायोड लागताच सूर बदलेल. तिसऱ्या फोनवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारे अ‍ॅप लावले तर २०० आणि २,२०० हर्ट्‌झवर नवे खांब उभे राहिलेले दिसतील. वजाबाकी आणि बेरीज! शिवाय ८०० आणि १,४०० लाही काही दिसेल. ते वर्गाने येत नाहीत; कोणत्या घाताने येतील, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. मग दुसरा डायोड उलट दिशेने जोडून २०० चा खांब किती खाली येतो ते पाहायला सांगा.

(क + ख) चा वर्ग ‘कशासाठी शिकायचा?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला २कख हे पद इथे कानांनी ऐकता येईल.